मेश नोड बॅटरीवर चालवायचा आहे? पहिली जुळणी अशी करा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि खाडीपलीकडचा मंडणगड-दापोलीचा पट्टा, सगळीकडे विजेचे खांब आडवे झाले. मोबाइल मुके झाले. काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले. अशा वेळी हॅमच्या, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ चालकाच्या, हातातला व्हीएचएफ सेट आवाज पोचवतो, आणि ते काम फार मोलाचं आहे. पण निवारा केंद्रातल्या दोनशे माणसांची यादी, औषधांची मागणी, खचलेल्या रस्त्याचा फोटो या गोष्टी बोलून पाठवता येत नाहीत. त्यासाठी डेटा लागतो, आणि इंटरनेट नसताना डेटा हलवण्याचा आपल्या हाती असलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मेश नेटवर्क.

कल्पना सोपी आहे. बाजारात मिळणाऱ्या वायरलेस राउटरमध्ये वेगळं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकायचं. मग हे राउटर, म्हणजे मेशचे नोड, एकमेकांना आपोआप शोधतात, आणि एक वाट बंद पडली तर दुसरी धरतात. अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरवर एचएसएमएम-मेश उभं केलं. पुढे त्याचं ब्रॉडबँड-हॅमनेट झालं, आणि आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं फर्मवेअर म्हणजे एआरईडीएन, अर्थात ॲमॅच्युअर रेडिओ इमर्जन्सी डेटा नेटवर्क. ते युबिक्विटी, मायक्रोटिक, जीएल-आयनेट यांच्या बऱ्याच मॉडेलांवर चालतं. नोडचं नाव आपल्या कॉलसाइनने, म्हणजे हॅम परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळख-नावाने, सुरू होतं.

फर्मवेअर कसं टाकायचं यावर भरपूर साहित्य आहे. मात्र तो राउटर शेवटी २३० व्होल्टच्या भिंतीतल्या सॉकेटला लावलेला असेल तर आपत्तीत त्याचा उपयोग शून्य. हा लेख बॅटरीपासून राउटरपर्यंतच्या तेवढ्याच तुकड्याबद्दल आहे. माझं ठाम मत असं की नोड बंद पडतो तो बहुतेक वेळा बॅटरी लहान होती म्हणून नव्हे, तर या तुकड्यात कुठेतरी व्होल्टेज गळालं म्हणून.

कायद्याचं आधी सांगतो, थोडक्यात. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झमधले पट्टे २०१८ पासून ठरावीक शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतात. त्या मर्यादेत राहिलात तर तुमचा नोड इतर वाय-फायसारखाच आहे. एआरईडीएनमध्ये या पट्ट्याबाहेरचे काही चॅनेल दिसतात. ते अमेरिकेतल्या परवानाधारक हॅमसाठी, तिथल्या नियमांनुसार आहेत. इथे बसून ते निवडू नका. एएसओसीची, म्हणजे भारतातल्या हॅम परवान्यासाठीची, परीक्षा देऊन व्हीयू२ किंवा व्हीयू३ कॉलसाइन घेतलेली असली तरी आपल्या परवान्यात काय लिहिलं आहे ते वाचूनच पुढे जा.

पायरी १: राउटरला किती व्होल्ट चालतात ते शोधा

बॅटरी विकत घेण्याआधी राउटर उलटा करा आणि मागचं लेबल वाचा. मेशमध्ये वापरले जाणारे राउटर साधारण चार प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार ५ व्होल्टचा, यूएसबीवर चालणारा. जीएल-आयनेटचे एआर३००एम आणि एआर७५० हे छोटे डबे यातले. यांना १२ व्होल्ट दिले तर ते तत्क्षणी जळतात.

दुसरा प्रकार १२ व्होल्टचा, गोल पिनेचा. जुना डब्ल्यूआरटी५४जीएल आणि घरोघरचे बहुतेक राउटर यात येतात.

तिसरा प्रकार रुंद पल्ल्याचा. मायक्रोटिकच्या एचएपी एसी लाइटला १० ते २८ व्होल्टमधलं काहीही चालतं. नवशिक्याने पहिला नोड बॅटरीवर चालवायचा तर मी हाच सुचवेन, कारण १२ व्होल्टची बॅटरी प्रत्यक्षात कधीच १२ व्होल्टवर नसते. चार्ज होताना ती १४.४ पर्यंत चढते आणि उतरत आली की ११ च्या आसपास येते. रुंद पल्ल्याच्या राउटरला याची फिकीर नसते. बॅटरीतून वायर काढा, फ्यूज घाला, जोडा.

चौथा प्रकार खांबावर चढणाऱ्यांचा: युबिक्विटीचे नॅनोस्टेशन, रॉकेट वगैरे. त्यांना गोल पिनेची जागाच नसते. नेटवर्क केबलमधूनच वीज जाते, बहुतेकांना २४ व्होल्ट. यांच्यासाठी खाली स्वतंत्र पायरी आहे.

दुसऱ्या प्रकाराबद्दल एक प्रश्न हमखास येतो: ‘१२ व्होल्टच्या राउटरला थेट बॅटरी लावली तर?’ आतमध्ये बहुधा स्विचिंग रेग्युलेटर असतो, तो १२ चे ५ किंवा ३.३ व्होल्ट करून घेतो, त्यामुळे बरेच राउटर थोडं कमी-जास्त सोसतात. पण इनपुटला बसवलेला कपॅसिटर १६ व्होल्टचा असेल तर १४.४ व्होल्ट त्याच्या फारच जवळ जातात. कंपनीने पल्ला छापलेला नसेल तर नशिबावर सोडू नका. मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज गरजेप्रमाणे वर किंवा खाली आणणारी पाटी) घालून पक्के १२ व्होल्ट द्या.

पायरी २: राउटर किती वॅट खातो ते स्वतः मोजा

ॲडॉप्टरवर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ लिहिलेलं असतं. याचा अर्थ ॲडॉप्टर जास्तीत जास्त तेवढं देऊ शकतो, राउटर तेवढं खातो असा नाही. लेबलवरून हिशेब केलात तर दुप्पट वजनाची बॅटरी उचलून डोंगर चढावा लागेल.

मोजायला सर्वांत सोयीचा म्हणजे डीसी वॅट मीटर. ड्रोन आणि आरसी विमानं उडवणारे वापरतात तोच. तो बॅटरी आणि राउटरच्या मध्ये बसतो आणि व्होल्ट, अँपिअर, वॅट, वापरलेले अँपिअर-तास सगळं एका पडद्यावर दाखवतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो, ऑनलाइनही मिळतो. यूएसबीच्या राउटरसाठी यूएसबी मीटर घ्या. यातलं काहीच नसेल तर साधा मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लाल प्रोब घालून प्लसच्या वायरीत सिरीजमध्ये लावा. मोजून झालं की तो लाल प्रोब लगेच परत व्होल्टच्या भोकात घाला. तो तिथेच राहिला आणि तुम्ही बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलात तर थेट शॉर्ट होतो.

मोजणी तीन वेळा करा. एकदा राउटर सुरू होताना, कारण तेव्हा क्षणभर जास्त करंट ओढला जातो. एकदा नुसता पडून असताना. आणि एकदा दोन नोडमध्ये मोठी फाइल जात असताना, कारण प्रक्षेपण करताना खप वाढतो. हिशेबाला तिसरा आकडा धरा.

इथेच थोडी बचतही होते. एचएपी एसी लाइटमध्ये दोन रेडिओ आहेत. एकच लागत असेल तर दुसरा बंद ठेवा. समोरचा नोड दीड किलोमीटरवर असेल आणि सिग्नल भरपूर येत असेल तर पॉवर कमी करा.

पायरी ३: तास ठरवा, मग गुणाकार

हिशेब एवढाच: वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास.

समजा खाली टेबलावर एचएपी एसी लाइट ४ वॅट खातो आणि खांबावरचं नॅनोस्टेशन एम५ काम करताना ६ वॅट. एकूण १० वॅट. रात्रीचे १२ तास चालवायचं आहे. म्हणजे १२० वॅट-तास. वायर आणि कन्व्हर्टरमध्ये काही जाणार, म्हणून ०.८५ ने भागा: साधारण १४० वॅट-तास बॅटरीतून निघायला हवेत.

सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणून तिच्या बाबतीत दुप्पट, २८० वॅट-तास. १२ ने भागलं की २३-२४ एएच, म्हणजे अँपिअर-तास. बाजारात २६ एएचची मिळते. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते: १७५ वॅट-तास, १२.८ ने भागून जवळपास १४ एएच. १८ किंवा २० एएचची घेतली की काळजी नाही.

हाच हिशेब उलटा करा. यूपीएसमधून काढलेली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बहुतेकांच्या घरात असते. कागदावर ८४ वॅट-तास, वापरायचे निम्मे म्हणजे ४२, गळती वजा जाता या १० वॅटच्या जोडणीला साडेतीन तास. कवायतीसाठी ठीक, वादळासाठी नाही. टेबलावर रास्पबेरी पाय, आयपी फोन किंवा कॅमेरा जोडणार असाल तर त्यांचे वॅटही याच बेरजेत घाला. हे विसरलं जातं आणि मध्यरात्री बॅटरी उतरते.

तास ठरवताना फक्त आपल्या नोडचा विचार करू नका. कोणता नोड कुणाच्या मध्ये आहे ते नकाशावर बघा. टोकाचा नोड बंद पडला तर एक ठाणं जातं. टेकडीवरचा, दोन गावांना जोडणारा नोड बंद पडला तर त्याच्या पलीकडचं सगळं जातं, मग पलीकडच्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या असल्या तरी. गटाकडे एकच मोठी बॅटरी असेल तर ती मधल्या नोडला द्या, गटप्रमुखाच्या घरच्या नोडला नव्हे. मधला नोड चढून जायला सर्वांत अवघड असतो, हे दुसरं कारण.

पायरी ४: बॅटरीची निवड

सीलबंद लेड-ॲसिड स्वस्त आहे, तालुक्याच्या गावात मिळते, साध्या चार्जरने चार्ज होते. पूर्ण भरून तासभर शांत ठेवली की १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.१ च्या आसपास आली की निम्मी उरली असं समजा. तिचे दोन शत्रू आहेत. एक म्हणजे उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं. प्लेटांवर सल्फेट जमतं आणि क्षमता कायमची जाते. वापर झाला की त्याच दिवशी चार्जला लावा. दुसरा शत्रू ऊन. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत गच्चीवर ठेवलेली बॅटरी पुढच्या वर्षी दगा देणार, हे धरून चाला.

लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण मी नव्याने घेणाऱ्याला हीच सांगतो. २० एएचचा पॅक अडीच किलोच्या आसपास. तेवढंच काम करणारी लेड-ॲसिड आठ किलोची. पाठीवर घेऊन टेकडी चढणाऱ्याला हा फरक कळतो. दोन हजारांच्या आसपास चार्ज-डिस्चार्ज सहज सोसते. चार सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी ३.२ व्होल्ट. आत बीएमएस म्हणजे संरक्षण करणारी पाटी असलेलाच पॅक घ्या. नुसते सेल आणून जोडण्याचा उद्योग पहिल्या नोडसाठी नको. एक गोष्ट लक्षात असू द्या: हिचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत १३ च्या आसपास स्थिर राहतं आणि मग झपकन खाली येतं. त्यामुळे व्होल्ट बघून किती उरली ते सांगता येत नाही, अँपिअर-तास मोजणारा मीटर लागतो. आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. महाराष्ट्रात हा प्रश्न नाही, पण अमेरिकेच्या उत्तरेत किंवा कॅनडात राहून हे वाचणाऱ्यांना आहे.

पॉवर बँक ५ व्होल्टच्या राउटरसाठी उत्तम. फक्त आकडा नीट वाचा. १०,००० एमएएच ही आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलची क्षमता आहे, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्ट करताना काही जातात, हाती तीसेक उरतात. काही पॉवर बँक कमी करंट दिसला की ‘फोन चार्ज झाला’ असं समजून स्वतःच बंद होतात. घरी रात्रभर चालवून खात्री करून घ्या.

राउटरसाठी म्हणून विकले जाणारे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस लोडशेडिंगच्या तासा-दोन तासांपुरते चांगले आहेत. खोक्यावर एमएएच मोठ्या अक्षरांत असतं. तुम्ही वॅट-तास शोधा.

घरातल्या इन्व्हर्टरवर राउटर आधीच चालतो, मग हे सगळं कशाला, असं वाटू शकतं. घरात ठीक आहे. पण शेतात, शाळेच्या पटांगणात, टेकडीवर बॅटरीचे १२ व्होल्ट डीसी इन्व्हर्टरने २३० एसी करायचे आणि ॲडॉप्टरने पुन्हा १२ डीसी करायचे, यात ऊर्जा दोनदा गळते. शिवाय लोड नसतानाही इन्व्हर्टर स्वतःसाठी वीज खात राहतो. दहा वॅटच्या राउटरपुढे तो खर्च फार मोठा असतो. डीसी ते डीसी, थेट.

पायरी ५: वायर, फ्यूज, प्लस-मायनस

फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला, होईल तितका जवळ. राउटरच्या बाजूला लावलेला फ्यूज मधली वायर दरवाज्यात चेपून शॉर्ट झाली तर काहीच करत नाही. छोट्या ७ एएच बॅटरीतूनही शॉर्टमध्ये शंभराच्या वर अँपिअर वाहू शकतात. वायर लाल होते, इन्सुलेशन पेटतं. गाडीत वापरतात तो ब्लेड फ्यूज आणि त्याचा वायरसकट होल्डर ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. एका राउटरला २ किंवा ३ अँपिअर पुरे, दोघांना मिळून ५.

वायर लवचीक तांब्याची घ्या, दुकानात ‘एक एमएम’ किंवा ‘दीड एमएम’ म्हणून मागा. पुण्यात तापकीर गल्लीत हवी तेवढी कापून मिळते. लाल प्लस, काळी मायनस. घरात दुसऱ्या रंगाचा तुकडा पडला आहे म्हणून तो वापरू नका. अंधारात, पावसात दुसराच कोणीतरी ही जोडणी करणार आहे.

राउटरची गोल पिन दोन मापांत येते. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर, आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५. मोठ्या भोकाची पिन छोट्या जॅकमध्ये बसते, पण ढिली. नोड हलला की रीबूट. जुळणारीच घ्या. लेबलवर गोलाचं चिन्ह असतं त्यात मध्यावर प्लस आहे की मायनस ते बघा. बहुतेक ठिकाणी मध्ये प्लस असतो, तरी मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय पिन राउटरमध्ये घालू नका.

बॅटरीच्या बाजूला गटात सगळ्यांनी एकच कनेक्टर वापरायचं ठरवा. अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी अँडरसन पॉवरपोल हा प्रमाण मानला आहे, त्यामुळे कुणाचीही बॅटरी कुणाच्याही सेटला लागते. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. एक्सटी६० मिळतो, उलटा बसत नाही, करंटही भरपूर पेलतो. कोणता ते महत्त्वाचं नाही, सगळ्यांचा सारखा असणं महत्त्वाचं आहे.

पायरी ६: खांबावर वीज पोचवणं

सर्वांत जास्त नोड इथे फसतात, म्हणून थोडं सविस्तर.

नॅनोस्टेशनसारख्या उपकरणांना पॅसिव्ह पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच दिलेली वीज, लागतं. केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोन डेटाला, उरलेल्या दोन विजेला: ४ आणि ५ क्रमांकाच्या तारा प्लस, ७ आणि ८ मायनस. नेहमीच्या टी५६८बी रंगसंगतीत निळी जोडी प्लस आणि तपकिरी जोडी मायनस. ऑफिसातल्या स्विचमध्ये असतं ते ८०२.३एएफ पीओई वेगळं, ते ४८ व्होल्टच्या आसपासचं असतं. दोन्हींची अदलाबदल करू नका.

आता तारेचा अडथळा बघा. कॅट५ केबलमधली तांब्याची तार मीटरला साधारण ०.०८४ ओहम. ३० मीटर केबलमध्ये एका तारेचे अडीच ओहम, दोन तारा समांतर म्हणून सव्वा, जाऊन येऊन पुन्हा अडीच. नॅनोस्टेशन एम५ जास्तीत जास्त ८ वॅट घेतं. खालून १२ व्होल्ट दिलेत तर वर पोचतात जेमतेम १०, कारण व्होल्टेज घसरलं की तेवढेच वॅट घ्यायला उपकरण करंट वाढवतं आणि घसरण आणखी वाढते. बॅटरी साडेअकरावर आली की खेळ संपला. तेच २४ व्होल्ट दिलेत तर करंट निम्मा, वर पोचतात २३ च्या वर, आणि तारेत वाया जाणारी वीज दीड वॅटवरून पाव-अर्ध्या वॅटवर येते.

म्हणून खांब उंच असेल तर १२ चे २४ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर खालीच, बॅटरीजवळ बसवा. दोन १२ व्होल्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये लावूनही २४ होतात, पण चार्ज होताना ती जोडी २८.८ पर्यंत जाते आणि एचएपी एसी लाइटची मर्यादा २८ आहे. चार्जर लावलेला असताना नोड चालू ठेवायचा तर हा मार्ग धरू नका.

एचएपी एसी लाइट आणि नॅनोस्टेशन ही जोडी असेल तर काम आणखी सोपं होतं. एचएपीच्या पाचव्या पोर्टमधून पीओई बाहेर देता येतं. जे व्होल्टेज तुम्ही एचएपीला द्याल तेच पुढे जातं. एआरईडीएनच्या सेटिंगमध्ये पीओई पासथ्रू चालू करावं लागतं. पण त्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे. १२ व्होल्टवर ती म्हणजे फक्त ६ वॅट, नॅनोस्टेशनच्या ८ वॅटला अपुरी. २४ व्होल्टवर १२ वॅट, ऐसपैस. एक बूस्ट कन्व्हर्टर, एक वायर, दोन्ही उपकरणं चालू.

केबल घेताना अस्सल तांब्याची आहे ना ते विचारा. बाजारात स्वस्त केबल बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि मग वरचा सगळा हिशेब कोसळतो. टोक चाकूने खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो.

खांब लोखंडी असेल तर अर्थिंग करा, आणि वळवाचे ढग दिसले की केबल सोडवून घराबाहेर ठेवा.

पायरी ७: कन्व्हर्टर निवडताना

एलएम२५९६ ची छोटी पाटी सगळीकडे मिळते. ती फक्त व्होल्टेज खाली आणते, आणि त्यासाठी इनपुट आउटपुटपेक्षा दीड-दोन व्होल्ट जास्त लागतं. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५ व्होल्ट काढायला छान. १२ मधून पक्के १२ काढायला निरुपयोगी. ७८१२ या रेग्युलेटर चिपचंही तेच, वर तो तापतो. १२ मधून १२ साठी बक-बूस्टच हवा. पाटीवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज ठरतं. राउटर जोडण्याआधी मल्टिमीटर लावून ते ठरवा आणि मग स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. पाटीवर ३ अँपिअर लिहिलं असेल तर दीडच धरा, विशेषतः बंद डब्यात.

हे कन्व्हर्टर स्विचिंगचे असतात आणि एचएफवर (लांब पल्ल्याच्या हॅम रेडिओच्या पट्ट्यांत) गोंगाट करतात. शेजारी कोणी ४० मीटरच्या पट्ट्यावर ऐकत बसला असेल तर त्याच्या कानात तो गोंगाट जातो. कन्व्हर्टर धातूच्या डब्यात ठेवा, इनपुट आणि आउटपुट दोन्ही वायरी फेराइट या गोंगाट अडवणाऱ्या कड्यातून काही वेढे देऊन न्या. ३१ नंबर मिक्सचा फेराइट एचएफसाठी चांगला.

पायरी ८: चार्जिंग आणि वेळेवर तोडणं

घरच्या नोडसाठी सर्वांत सुटसुटीत मांडणी अशी: १३.८ व्होल्टचा सप्लाय बॅटरीला कायम जोडलेला, राउटर बॅटरीवर. वीज गेली तर राउटरला कळतही नाही. हा सप्लाय करंट मर्यादित करणारा हवा. ७ एएचच्या लेड-ॲसिडला दोन अँपिअरपेक्षा जास्त करंट देऊ नका. रेडिओ सेटसाठी ठेवलेला २० अँपिअरचा सप्लाय तिला थेट लावायचा नाही. सप्लाय आणि बॅटरीच्या मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा शॉटकी डायोड घाला, नाहीतर वीज गेल्यावर बॅटरी उलटी सप्लायमध्ये रिकामी होऊ शकते. डायोडमध्ये जाणारे तीन-चार दशांश व्होल्ट सप्लायवर वाढवून घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेटला हे व्होल्टेज चालतं. पूर्ण भरायचं तर १४.४ ते १४.६ चा तिचा स्वतःचा चार्जर.

आणि लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली गेली की लोड तोडणारं उपकरण. तो फक्त बॅटरी वाचवण्यासाठी आहे असं समजू नका. बॅटरी उतरत आली की राउटर एकदम बंद होत नाही. तो पडतो, लोड गेल्यामुळे बॅटरीचं व्होल्टेज जरा वर येतं, राउटर पुन्हा सुरू होतो, प्रक्षेपण करायला जातो आणि पुन्हा पडतो. असा तासभर. दर वेळी शेजारचे नोड त्याला वाटेत धरतात आणि दर वेळी वाट तुटते. बंद असलेल्या नोडला मेश वळसा घालतं, पण असा पडता-उठता नोड चांगल्या नोडांचीही गती घालवतो. शिवाय लिहिता लिहिता वीज तुटली तर फ्लॅश मेमरी बिघडू शकते. म्हणून कटऑफ लावा, लेड-ॲसिडला ११.५ व्होल्टच्या आसपास, आणि पुन्हा जोडण्याचं व्होल्टेज चांगलं वर, १२.६-१२.८ ला ठेवा. या दोन आकड्यांत अंतर नसेल तर कटऑफही तसाच फडफडत राहतो.

सौर पॅनेलबद्दल इथे थोडंच. १० वॅट चोवीस तास म्हणजे २४० वॅट-तास. हिवाळ्या-उन्हाळ्यात दिवसाचे साडेचार तास पूर्ण उन्हाचे धरून आणि गळती सोडून ७५-८० वॅटचं पॅनेल निघतं, म्हणजे १०० वॅटचं घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हा हिशेब लागू होत नाही. तिथे पावसाळ्यात भरलेली बॅटरी नेऊन बदलण्याचीच व्यवस्था ठेवा.

पायरी ९: पूर्ण उतरवून बघा

सगळं जुळलं की बॅटरी पूर्ण भरा, नोड जोडा, दोन नोडमध्ये सतत काहीतरी जात राहील असं करा आणि कटऑफ पडेपर्यंत हात लावू नका. दर तासाला व्होल्ट, अँपिअर आणि वापरलेले अँपिअर-तास वहीत लिहा. खांबावरच्या नोडसाठी वरच्या टोकाचं व्होल्टेजही एकदा मोजा, खालचं नव्हे.

आलेले तास पायरी ३ मधल्या हिशेबाच्या जवळ किंवा त्याहून जास्त असतील तर जोडणी बरोबर आहे. खूप कमी असतील तर आधी पिन, क्रिंप आणि कनेक्टर हाताला गरम लागतात का ते पाहा, मग केबल, मग बॅटरीचं वय. गटाने मिळून एकाच दिवशी ही चाचणी केली तर कोणता नोड आधी जातो तेही कळतं. अमेरिकेत असाल तर जूनच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी येणारा फील्ड डे याला उत्तम. इथे मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी करा. चाचणीची तारीख, लोडचे वॅट आणि मिळालेले तास एका चिठ्ठीवर लिहून बॅटरीवरच चिकटवा, म्हणजे ती उचलणाऱ्याला कुणाला विचारावं लागणार नाही.